‘कितीपट फास्ट?’ हा प्रश्न अर्धाच का आहे

मागच्या रविवारी आमच्या बुवापाड्यातल्या शेजारच्या काकू मोबाइलमध्ये दोन लॅपटॉपचे फोटो घेऊन घरी आल्या. मुलीला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळालीय, भिशीचे पैसे हातात आलेत. दुकानदार म्हणतोय, ४.७ गिगाहर्ट्झवाला घ्या, दुसरा ४.२ चाच आहे. "अगं, तू कॉम्प्युटरवरच पीएचडी करतेस ना? सांग कुठला फास्ट!"

माझी पीएचडी पाण्याच्या रेणूंवर आहे, कॉम्प्युटर हे फक्त माझं हत्यार. पण प्रश्न टाळता येईना, कारण याच प्रश्नावर मी स्वतः एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. ते पुढे सांगते.

गिगाहर्ट्झ म्हणजे वेग नव्हे

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला किती अब्ज टिकटिक करतं तो आकडा. एका टिकटिकीत काम किती होतं, हे त्यात येत नाही. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. २००६ मध्ये त्याच कंपनीचा कोअर २ ड्युओ आला. त्याचं घड्याळ २.४ गिगाहर्ट्झचं असूनही तो बहुतेक कामांत पुढे निघून गेला. शिवाय लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुतेकदा थोडा वेळच गाठता येणारा असतो. मशीन तापलं की तो खाली येतो.

एकाच कंपनीच्या दोन चिपमध्ये ही गत. मग वेगळ्याच जातीच्या कॉम्प्युटरांची तुलना कशी करायची?

परमचं उदाहरण

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत हवामान अंदाजासाठी अमेरिकेहून क्रे एक्स-एमपी आणला गेला. एकच, पण जबरदस्त प्रोसेसर. आकड्यांच्या लांब रांगा एका दमात गिळणारा. दुसरीकडे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिपा होत्या, ६४ वगैरे, एकमेकींशी जोडलेल्या. एक पहिलवान विरुद्ध मुंग्यांची फौज.

"परम जगातला दुसऱ्या क्रमांकाचा सुपरकॉम्प्युटर होता" हे वाक्य अनेक लेखांत सापडतं. मला ते खटकतं. दुसरा, पण कुठल्या कामात? जगभरची मशीन्स लिनपॅक या एकाच चाचणीवर क्रमाने लावणारी ‘टॉप ५००’ यादीच मुळी १९९३ मध्ये सुरू झाली. परम ८००० चा कागदावरचा वेग १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला एक अब्ज दशांश-गणितं, असा सांगितला जातो. प्रत्यक्षात मिळणारा १०० ते २०० मेगाफ्लॉप. म्हणजे पाचवा-दहावा हिस्सा.

ही गळती कुठे होते? अंबरनाथकरांना सांगायची गरज नाही. कल्याणपर्यंत आपली फास्ट लोकलसुद्धा प्रत्येक स्टेशनवर थांबते. उद्या कल्याण ते सीएसएमटी प्रवास शून्य मिनिटांत झाला, तरी बुवापाड्यातून स्टेशन गाठायचा आणि पुढे कल्याणपर्यंतचा वेळ तेवढाच राहणार. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. कामाचा १० टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर ६४ प्रोसेसर लावूनही काम जेमतेम पावणेनऊ पट लवकर होतं. हजार लावा, लाख लावा, दहापटीच्या पुढे जाणारच नाही. त्यात चिपांचं एकमेकींशी बोलणं आलं की आणखी घट.

यात परमचा मोठेपणा कमी होत नाही. समांतर गणन करणारी एक अख्खी पिढी त्या मशीनवर शिकली, आणि ते ‘दुसरा नंबर’पेक्षा कितीतरी मोठं आहे. उगाच नंबर चिकटवला की खरी कमाई झाकली जाते.

यादी आली, तरी

यादी आल्यावर भांडण मिटलं का? नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्याच सीआरएलचा ‘एका’ टॉप ५०० मध्ये जगात चौथा आला. हे निर्विवाद, कारण काम कुठलं ते ठरलेलं आहे. कागदावर सुमारे १७१ टेराफ्लॉप, लिनपॅकवर सुमारे ११८. पण लिनपॅक हे प्रोसेसरला आवडणारं काम आहे. मेमरीतून विखुरलेली माहिती गोळा करत बसावं लागणारी एचपीसीजी ही दुसरी चाचणी लावली, की जपानच्या फुगाकूचा वेग ४४२ पेटाफ्लॉपवरून १६ वर येतो. मशीन तेच, आकडा चार टक्क्यांहून कमी! माझ्यासारख्यांची बरीच कामं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

आता माझी चूक

दुसऱ्या वर्षाच्या पोस्टरवर मी ठळक लिहिलं होतं: ‘जीपीयूवर ४० पट वेगवान’. मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "कशाच्या ४० पट?" मी प्रोसेसरच्या १६ पैकी एकच कोअर वापरला होता, कंपायलरला वेगाच्या सूचना दिल्या नव्हत्या, आणि जीपीयूवर कमी अचूकतेचे आकडे वापरले होते. सगळं सारखं करून पुन्हा मोजलं, तर उरलं साडेतीन पट. पोस्टर बदलताना रडू आलं होतं.

मी एकटीच नव्हते म्हणा. डेव्हिड बेली यांनी १९९१ मध्येच, परमच्याच वर्षी, समांतर मशीनचे आकडे देताना लोकांना फसवायच्या बारा युक्त्या उपरोधाने लिहून ठेवल्या होत्या. २०१० मध्ये इंटेलच्या संशोधकांनी ‘जीपीयू १०० पट’ हे दावे तपासले. दोन्ही बाजू नीट जुळवल्यावर सरासरी फरक अडीच पट निघाला. अर्थात इंटेल प्रोसेसर विकते, तेव्हा त्याही आकड्याकडे डोळे उघडे ठेवूनच बघायचं.

म्हणून माझा आता एकच नियम: कुठलं काम, कशाशी तुलना आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागलेला वेळ किती, हे तिन्ही सांगितल्याशिवाय ‘इतके पट’ म्हणायचं नाही. थिसिसमध्येही नाही.

काकूंना मी उलट विचारलं, "काकू, मुलगी यावर करणार काय?" पहिल्या वर्षी थोडं प्रोग्रामिंग, ऑनलाइन लेक्चर, एकाच वेळी पंधरा-वीस टॅब उघडे. ४.७ वाल्यात रॅम ८ जीबी होती, ४.२ वाल्यात १६. मी दुसरा घ्या म्हटलं. "पण आकडा कमी आहे ना गं," काकू अजूनही साशंक होत्या. मग आम्ही दुकानात गेलो आणि तिची नेहमीची कामं दोन्हींवर एकदम उघडून बघितली. एका मशीनची दहा मिनिटांतच दमछाक झाली. कुठल्या, ते सांगायला नको.

तुमच्याकडेही असा एखादा ‘कितीपट’वाला दावा आला असेल तर कळवा. मिळून उसवून बघू.