बातमीबाहेरची वेठबिगारी : रायगडातील कातकरी आणि माध्यमांचे मौन

मानवी हक्कांच्या काही उल्लंघनांची जगभर दखल घेतली जाते, तर काहींचा उच्चारही होत नाही. या भेदाची मीमांसा बहुधा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अंगाने केली जाते. एडवर्ड हर्मन व नोम चॉम्स्की यांनी १९८८ मध्ये केलेली मांडणी सुपरिचित आहे. पोलंडमध्ये १९८४ साली मारल्या गेलेल्या एका धर्मगुरूला अमेरिकी माध्यमांनी जेवढी जागा दिली, तेवढी लॅटिन अमेरिकेत मारल्या गेलेल्या शंभर धर्मसेवकांना मिळूनही दिली नाही, असे त्यांनी दाखवून दिले. हे विवेचन मोलाचे आहे; मात्र पेण-रोह्याच्या पट्ट्यातील कातकऱ्यांना ते लावू गेल्यास अपुरे पडते. कातकऱ्यांची वेठबिगारी झाकून ठेवण्यात कोणत्याही महासत्तेचा स्वार्थ गुंतलेला नाही. तरीही ती जगाला दिसत नाही. म्हणून या मौनाचे कारण न्यूयॉर्क-लंडनच्या संपादकीय कचेऱ्यांत शोधण्याआधी वीटभट्टीवर आणि तहसील कचेरीत शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रदेश बातमीदारांना अपरिचित आहे, असे म्हणण्यास जागा नाही. रोहे तालुक्यातील खांब हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर, नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान आहे. २०११ पासून रखडत गेलेल्या चौपदरीकरणामुळे दर गणेशोत्सवापूर्वी या मार्गावरील खड्ड्यांची छायाचित्रे मुंबईच्या वृत्तपत्रांत झळकत आली आहेत. पेणच्या गणेशमूर्ती परदेशी रवाना झाल्याची बातमीही वर्षानुवर्षे येते. म्हणजे पेण जगात पोहोचते, पण मूर्तीच्या रूपाने! त्याच तालुक्यांतील कातकरी वाड्या ना राज्याच्या बातमीत येतात, ना जगाच्या.

या वेठबिगारीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात ब्रिटिश काळातील वनकायद्यांनी आपल्या मूळ व्यवसायास मुकली. महाराष्ट्रातील कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे तिची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. असंख्य कुटुंबांना स्वतःची शेतजमीन नाही. अनेक वाड्या तर दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर वसलेल्या आहेत. पावसाळ्यात हाताला काम नसते, आजारपण वा लग्नकार्य निघते, तेव्हा भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतली जाते. दिवाळीनंतर सारे कुटुंब वीटभट्टीवर, अथवा कोळसा पाडण्यासाठी थेट परजिल्ह्यात वा कर्नाटकात जाते. आठवड्याला मिळते ती केवळ खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडावर, आणि तोही मालकाच्या वहीत. ती वही वाचता न येणाऱ्या मजुराच्या अंगावर बाकी निघाली की पुढचा हंगाम त्याच मालकाकडे बांधला जातो. मुले सोबत जातात. वर्षाच्या मधोमध शाळा सुटते.

आता वृत्तमूल्यांच्या कसोटीवर हे चित्र तपासून पाहावे. योहान गाल्टुंग व मारी रूगे यांनी १९६५ मध्ये परदेशी बातम्यांच्या अभ्यासातून असे मांडले की, वृत्तपत्राच्या नियतकालाशी जुळणारी, अल्पावधीत घडून संपणारी घटनाच सहजगत्या बातमी ठरते. उचलीचे कर्ज कोणत्या दिवशी गुलामीत रूपांतरित झाले, हे कोण सांगणार? तिला तारीख नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि परदेशी वृत्तसंस्थांनीही त्याची दखल घेतली. त्या वाडीला रस्ता नव्हता ही वस्तुस्थिती मात्र त्या रात्रीपर्यंत बातमी नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा कोठे मेंढपाळांकडे राबवून घेतल्या जाणाऱ्या मुलांचा प्रश्न वृत्तपत्रांत आला. वेठबिगारी चालू होतीच. मृत्यूने तिला तारीख दिली.

तथापि घटनेचा अभाव हे अर्धेच कारण होय. दुसरे कारण पुराव्याच्या ओझ्याचे आहे आणि त्याकडे माध्यमांच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ च्या कलम १५ नुसार, एखादे कर्ज वेठबिगारीचे असल्याचा दावा झाल्यास ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर असते. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दारिद्र्यातून आलेली सक्ती हीही संविधानाच्या अनुच्छेद २३ खालील सक्तीच मानली. म्हणजे ‘ते राजीखुशीने गेले होते’ हे समर्थन कायद्यापुढे टिकणारे नाही. वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र ते आजही टिकते. तेथे ओझे उलटे फिरते : मजुराने तक्रार केली का, गुन्हा नोंदला गेला का, मुक्ततेचा दाखला आहे का? हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु दाखला देणारी यंत्रणा तहसील-प्रांताच्या कचेरीत असते, तक्रारदार हंगामभर जिल्ह्याबाहेर असतो, आणि परतल्यावर पुढील उचलीसाठी त्याच मालकाच्या दारात उभा राहतो. तक्रार नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून बातमी नाही. आंतरराष्ट्रीय संस्था व परदेशी वार्ताहर मोठ्या प्रमाणात याच नोंदींवर आणि देशी बातम्यांवर विसंबतात. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा १९३० चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५४ मध्ये स्वीकारला. त्याच्या अंमलबजावणीचा जगापुढील लेखाजोखाही शेवटी तालुक्याच्या दप्तराइतकाच खरा असू शकतो. अशा स्थितीत परकीय माध्यमांच्या पक्षपातावर बोट ठेवणे आपल्याला सोयीचे वाटते, एवढेच.

रायगडचा स्वतःचा इतिहास येथे विचारात घेण्याजोगा आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये पुकारलेला संप वर्षानुवर्षे चालला. तो चालू असतानाच १९३७ मध्ये नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ काढले. प्रस्थापित पत्रे आपली बाजू मांडतील या भरवशावर दोघेही थांबले नाहीत. कातकऱ्यांपाशी असे पत्र नाही, आणि अर्ध्या वर्षाच्या स्थलांतरात ते उभे राहण्याचा संभवही अल्प आहे. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी या जिल्ह्यात त्यांचे प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु संघटनेचे निवेदन वृत्तपत्रात ‘आदिवासींचा मोर्चा’ या मथळ्याखाली येते, त्यात मागण्या असतात, वहीतील हिशेब नसतो. त्या हिशेबाचे दिवस मे महिन्याच्या उत्तरार्धात येतात. तेव्हा जिल्हा वार्ताहराने भट्टीवर जाऊन ती वही मागावी, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. परदेशी वार्ताहरावर त्यासाठी अवलंबून राहण्याचे कारण नाही.