जिव्या सोमा म्हसे : एक प्रादेशिक चित्रकार

अकोल्यात शाळेत असताना एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला आम्ही ठरलेला देखावा काढायचो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, काठावर नारळाचं झाड. पूर्णेच्या खोऱ्यात कुठंही उभं राहा, जमीन ताटासारखी सपाट. डोंगर म्हणजे उत्तरेकडची सातपुड्याची निळसर रेघ, आणि नारळ पाहायचा तो देवळात, फोडलेला. नाव स्मरणचित्र, पण आमच्यापैकी एकानंही कधी कपाशीचं वावर काढलं नाही.

चित्रकलेचं रीतसर शिक्षण मला नाही. जे कळतं ते वाचून आणि पाहून. ‘प्रादेशिक’ हा शब्द चित्राला लावता येतो का, या प्रश्नामागं मी काही वर्षं लागलो आहे. कादंबरीला तो आपण सहज लावतो. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडीत बोलते, म्हणून त्या कादंबरीला कुणी लोककला म्हणत नाही. ती शेळक्यांचीच राहते. जिव्या सोमा म्हसे यांच्या वाट्याला मात्र ‘वारली कलाकार’ हे जमातीचं नाव आधी येतं, माणूस नंतर.

म्हसे १९३४ चे. हयात गेली डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. लहानपणी आई गेली, पोरगा बोलेनासा झाला, मातीत रेघा ओढून सांगू लागला, अशी हकिकत सगळीकडे येते. ती खोटी म्हणत नाही, पण तिच्या आडोशानं चित्रांकडे पाहायचं राहून जातं. वारली घरात लग्नाचा चौक सवासिनी काढतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ, बांबूची काडी, मध्ये पालघट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही. हे काम बायकांचं, विधीचं आणि त्या दिवसापुरतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले, कागद दिले. म्हसे विधीविना, रोज उठून काढू लागले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

पुरस्कारांनी माझा मुद्दा सिद्ध होत नाही. तो त्यांच्या मासेमारीच्या चित्रांनी होतो. त्यातलं एक मी मुंबईत एका प्रदर्शनात समोरून पाहिलं. शेणानं सारवलेलं कापड, त्यावर पांढरं जाळं, जवळजवळ चित्रभर पसरलेलं. माणूस त्यात बोटाच्या पेराएवढा. जाळ्याचा डोळा न् डोळा वेगळा काढलेला, तरी दुरून ते पाण्यासारखं हलतं. चौकात देवी मध्यभागी असते आणि चौकट तिला धरून ठेवते. इथं मध्य नाही, चौकटही नाही. ही रचना परंपरेनं हाती दिलेली नाही. ती एका माणसानं बसून ठरवलेली आहे. आणखी एक. या चित्रांत क्षितिज नाही. लांबचा माणूस लहान होत नाही, शेत वरून दिसतं आणि त्यात राबणारी बाई बाजूनं. आमच्या शाळेतल्या देखाव्यात खेडं बाहेरून, रस्त्यावर उभं राहून पाहिलेलं असे. म्हसे पाहतात ते आतून, ज्याला प्रत्येक बांध पायाखालचा आहे अशा माणसाच्या नजरेनं.

यावर कुणी म्हणेल, मग चौक काढणाऱ्या सवासिनींचं काय? त्यांची नावं तर भिंतीवरही नसतात. हा आक्षेप मला मान्य आहे, त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. आणि म्हसेंचं सगळंच सारखं नाही. तारप्याच्या नाचाचा वळसा पुनःपुन्हा येतो. काही ठिकाणी तो नुसता सराव वाटतो.

तोच वळसा आता अमरावतीत लग्नपत्रिकांवर आणि कंपाउंडच्या भिंतींवर दिसतो. परतवाड्याहून मेळघाटात चढताना एका इमारतीवरही मी तो पाहिला. मेळघाटात राहतात कोरकू. तारपा त्यांचं वाद्य नव्हे. रंगवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण गंजाडच्या एका माणसानं स्वतःच्या मुलखाकडे पाहून जे मिळवलं, ते आपण ‘आदिवासी नक्षी’ म्हणून उचललं, आणि आपल्या मुलखाकडे पाहायचं पुन्हा राहिलं. म्हणून प्रादेशिक हा शब्द मला हवा आहे. डवरणीनंतरच्या कपाशीच्या ओळी, खारपाणपट्ट्यातली भेगाळलेली काळी जमीन, पोळ्याच्या तोरणाखाली दाटलेले बैल, हे शब्दांत आलं. चित्रात ते मी अजून शोधतो आहे.

यंदा पोळ्याला दर्यापूरकडे चुलतभावाकडे गेलो होतो. पुतणी एलिमेंटरीला बसलेली. तिला म्हटलं, आपलं वावर काढ. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “काका, वावर वरून काढू का समोरून?” परीक्षा तोंडावर होती, शेवटी तिनं डोंगरच काढले.