‘दिवास्वप्नां’तील पहिला दिवस

बालशिक्षणावरील पुस्तकांपैकीं गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या लहानशा गुजराती पुस्तकाइतकें भाग्य फारच थोड्यांच्या वांट्यास आलें असेल. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत निघालेलें हें पुस्तक आजहि भाषांतरांतून आवडीनें वाचलें जातें, आणि शिक्षकांचें एखादें अभ्यासमंडळ नव्यानें जमलें कीं आरंभीं बहुधा तेंच हातीं घेतलें जातें. आमच्या पनवेल येथें बालवाडीच्या शिक्षिका व अंगणवाडीच्या सेविका मिळून दहाबारा जणी महिन्यांतून एकदां एकत्र बसतात. त्यांनीं या पुस्तकावर बोलण्यास आम्हांस बोलाविलें, म्हणून तें आम्हीं पुन्हां वाचून काढलें.

कथानक सर्वांच्या परिचयाचें आहे. एक हौशी शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून प्राथमिक शाळेची चौथी इयत्ता वर्षभराच्या प्रयोगासाठीं मागून घेतो. गोष्टी, खेळ, नाटकें, वाचनालय, सहली यांच्या योगें मुलांस वश करतो, आणि वर्षअखेर विरोधकांसहि मान डोलवावयास लावतो. कादंबरी या दृष्टीनें पाहतां तींत दोष उघड आहेत. इतर शिक्षक केवळ नायकाचें तेज वाढावें म्हणून निस्तेज ठेवले आहेत. अधिकारी तर परीकथेंतील राजासारखा उदार आहे. लेखकानें नांवच ‘दिवास्वप्न’ ठेवून हा आक्षेप आधींच झेलला, हा त्याचा प्रांजळपणा होय.

परंतु या स्वप्नांत एक जागेपणाचें प्रकरण आहे, व तें अगदीं आरंभींचें आहे. नायक पहिल्या दिवशीं मोठ्या श्रद्धेनें शांततेचा खेळ मांडतो. हा खेळ मूळचा माँटेसोरीबाईंचा. १९०७ सालीं रोम शहराच्या सान लोरेंझो वस्तींत त्यांनीं जें बालगृह उघडलें, तेथील मुलें या खेळांत रमत. येथें मात्र मुलें गोंगाट करतात, आणि गुरुजींस वर्गास सुटी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशीं ते गोष्ट सांगतात व वर्ग जिंकतात. आमच्या मतें या पुस्तकाचें खरें मोल त्या पहिल्या दिवसांत आहे. त्या गृहस्थानें ग्रंथ वाचला होता, समोरचीं मुलें वाचलीं नव्हतीं. पुढील सारें यश या एका कबुलीवर उभें आहे. आणि वाचक मात्र ती पानें विनोद म्हणून उलटून गोष्टींच्या यादीकडे धांवतो.

आम्हींहि तेंच केलें, हें सांगितलें पाहिजे. मुलाच्या स्वातंत्र्यावर आम्ही त्या बैठकींत पाऊण तास बोललों, आणि तेवढा वेळ त्या सर्वजणी वह्या उघडून निमूट बसल्या होत्या! तीस वर्षांची खोड अशी सहजासहजीं जात नाहीं. नंतर प्रश्न आले ते असे: गोष्ट किती मिनिटांची असावी? कोणते खेळ प्रथम घ्यावेत? चौथीच्या मुलाविषयीं लिहिलेलें तीन वर्षांच्या मुलास जसेंच्या तसें कसें लागू पडेल, हें कोणीं विचारलें नाहीं. आम्हांसहि तें सुचलें नाहीं.

शेवटीं एक तरुण शिक्षिका चांचरत बोलूं लागली. तिच्या वर्गांत सामान मांडून मुलांस हवें तें घेऊं देण्याचा तिनें प्रयत्न केला होता. एक मुलगा आठवडाभर तांब्यांतून पेल्यांत पाणी ओतण्यापलीकडे कांहींच करीना. दाराशीं आया उभ्या, वह्या कोऱ्या, आणि शेजारच्या शाळेंत त्याच वयाचीं मुलें अक्षरें गिरवीत आहेत. “मी ओरडलें, सर. तांब्या काढून घेतला. तीन दिवस तो आलाच नाहीं.” खोलींत कोणी बोलेना. मग एका वयस्क अंगणवाडी सेविकेनें विचारलें, “तो पाणी सांडत होता, कीं मोजत होता?” मुलीला सांगतां येईना. तिनें पाहिलेंच नव्हतें.

आमच्या पाऊण तासाच्या भाषणाहून त्या एका प्रश्नांत अधिक समीक्षा होती.

गिजुभाईंच्या नायकास अधिकाऱ्याची परवानगी मागावी लागली. आज ती कागदावर तरी मिळालेली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानून खेळांतून शिकण्यास मान्यता दिली आहे. अडचण आतां दाराशीं उभ्या असलेल्या आईची आहे, आणि या पुस्तकांत तिला तोंड देण्याची युक्ति शोधून सांपडत नाहीं. यासाठीं त्याच्या जोडीस अनुताई वाघ यांचें ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हें आत्मकथन ठेवावें, असें आम्ही सुचवितों. ताराबाई मोडक १९२३ पासून भावनगरास गिजुभाईंच्या सहकारी होत्या. उभयतांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढें १९४५ मध्यें त्यांनीं बोर्डीस अनुताईंसह ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. गरिबांचीं मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. पानें, बिया, शिंपले, खडे हींच तेथील साधनें झालीं. १९५७ मध्यें हें काम कोसबाडास गेलें, आणि १९७५ मध्यें सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळें तो शब्द गांवोगांवीं पोंचला. मुलें येत नाहींत, याचा दोष त्या बाईंनीं मुलांवर टाकला असता तर हा शब्द मराठींत आलाच नसता.

त्या दिवशीं मंडळानें इतकेंच ठरविलें कीं, पुढील खेपेस प्रत्येकीनें एका मुलाविषयीं अर्धें पान लिहून आणावें; त्यांत ‘हुशार’, ‘खोडकर’, ‘मंद’ असे शब्द नसावेत. मुख्याध्यापिकांपुढें तें वाचावें कीं नाहीं यावर बराच वाद झाला, आणि तो अद्याप मिटलेला नाहीं. आम्ही पुढच्या बैठकीस गेलों तें ऐकण्यासाठीं. त्या तरुण शिक्षिकेच्या अर्ध्या पानांत लिहिलें होतें कीं, मुलानें पेला नऊ वेळां भरला, दर वेळीं कांठाखालीं बोटभर जागा ठेवून थांबला, आणि दहाव्या वेळीं काय झालें तें पाहावयाचें राहिलें, कारण तेवढ्यांत त्याची आई त्याला न्यावयास आली.