सायाच्या अंगावर नाव कुठे लिहायचं?

पुढे मादी, मागे नर. मादीचं नाव क्लिओपात्रा, अंगावर नेहमीचे सोनेरी-काळे ठसे. तिच्या पाठीशी अगदी चिकटून साया, काळा बिबट्या. दोघांच्याही नजरा थेट कॅमेऱ्याकडे. क्षणभर वाटतं, जनावर एकच आहे आणि त्याची सावली जमिनीवर पडायचं सोडून मागे उभी राहिली आहे. छायाचित्रकार मिथुन एच. यांनी कर्नाटकातल्या कबिनीच्या जंगलात टिपलेलं हे छायाचित्र जुलै 2020 मध्ये जगभर फिरलं. त्यांनी त्याला नाव दिलं ‘द इटर्नल कपल’. साया म्हणजे सावली, म्हणजेच छाया. ‘छायाचित्र’ हा आपला शब्द इतक्या अचूकपणे क्वचितच कुठे बसला असेल.

एच. डी. कोटे तालुक्यातलं हे रान नागरहोळे व्याघ्र प्रकल्पाचा भाग. बिबट्यांची ही जोडी जवळच, शंभरेक मीटरवर होती. आवाज यायचा, पण दाट झुडपांमुळे दिसत काही नव्हतं. मोठी शिकार हाताशी असल्याने ती तिथून हलतही नव्हती. मिथुन सहा दिवस त्याच जागी थांबले. चित्रातला ठामपणा मला या थांबण्यातून आलेला वाटतो. पळत्या जनावराचा घाईने उचललेला क्षण हा नव्हे. दोघं जणू आपणहून समोर येऊन उभी राहिली आहेत.

माझ्या मोबाईलवर हे चित्र आलं ते फॉरवर्ड होत होत, कडा कापलेलं. खाली कुणाचंच नाव नव्हतं. तेव्हापासून एक खेळ मनात चालू आहे: यावर वॉटरमार्क टाकायचाच झाला, तर कुठे टाकावा?

लाइटरूमसारख्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये काम सोपं आहे. नाव लिहा, नऊपैकी एक जागा निवडा, अपारदर्शकता कमी करा, एक्स्पोर्ट करा. पाचशे फोटोंवर एका दमात छाप उमटते. कोपऱ्यात टाकली तर क्रॉपच्या एका फटक्यात जाते. मधोमध टाकली तर त्या दोन नजरांवर अक्षरं येतात, आणि मग चित्रच उरत नाही. मोह होतो तो सायाच्या काळ्या अंगाचा. फिकट पांढरी अक्षरं तिथे किती छान उठून दिसतील! पण ती जागा दोन कारणांनी चुकीची. सपाट काळ्यावरची अक्षरं हीलिंग ब्रशने पुसणं सर्वांत सोपं. गवतावर, ठशांच्या गर्दीत ती पुसणं जिकिरीचं. दुसरं कारण रसिकाचं आहे. काळा बिबट्या खरं तर कोरा काळा नसतोच. तिरपं ऊन पडलं की त्या काळ्यातूनही ठसे उमटतात. नोट उजेडात धरल्यावर गांधीजी दिसावेत, तसे. कागदाच्या आतच असलेली खूण म्हणजे खरा वॉटरमार्क, आणि सायाच्या कातडीत तो निसर्गानेच घातलेला आहे. त्यावर आपली अक्षरं चिकटवणं मला उद्धटपणाचं वाटतं.

आपल्याकडे चित्रकार दीनानाथ दलालांची सही लोक मुखपृष्ठावर शोधून पाहत. ती चित्राच्या अंगाने बसलेली असे, राखणदारासारखी आडवी उभी नसे. सॉफ्टवेअरची छाप मात्र चित्र न पाहताच पडते, आणि तिची कमजोरीही तिथेच आहे. 2017 मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की शेकडो चित्रांवर हुबेहूब तीच खूण असेल, तर संगणक ती ओळखून आपोआप काढू शकतो. प्रत्येक चित्रात ती किंचित वेडीवाकडी केली, तर मात्र तो अडखळतो. म्हणजे यंत्राला चकवायचं तर हाताच्या सहीसारखंच दर वेळी थोडं वेगळं असावं लागतं!

कायदाही या खुणेच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65बी नुसार, निर्मात्याचं नाव यासारखी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कडा कापणाऱ्या बोटाला हे ठाऊक असतं असं दिसत नाही.

माझा कौल असा: या चित्रावर नाव घालायचंच तर खालच्या गवतात, लहान, गवताच्याच रंगात. आणि तुमच्याकडे ते बिननावाचं आलं असेल, तर पुढे धाडण्याआधी खाली एवढं लिहा: छायाचित्र – मिथुन एच., कबिनी.