उपपत्तीचे मोल : बॅरी ब्रेनर यांच्या मूत्रपिंड-संशोधनाविषयी

संशोधकाची योग्यता त्याच्या लेखांना लाभलेल्या संदर्भांच्या संख्येवरून ठरविण्याचा प्रघात आता आपल्या विद्यापीठांतही रूढ झाला आहे. ही संख्या निरर्थक नाही. परंतु एखादा लेख वारंवार उद्धृत होतो तो त्यातील कोणत्या अंशामुळे, हे ती सांगू शकत नाही. अमेरिकन मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांचे कार्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

ब्रेनर यांचा सुप्रसिद्ध लेख १९८२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मेयर व होस्टेटर हे त्याचे सहलेखक. त्यातील उपपत्ती अशी : मूत्रपिंडातील काही केशिकागुच्छ, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके, कोणत्याही कारणाने निकामी झाले की उरलेल्यांवर अधिक भार पडतो व त्यांच्यातील दाब वाढतो. आरंभी हितकर भासणारी ही तडजोड कालांतराने त्या उरलेल्यांचाही घात करते. म्हणून मूळ व्याधी शमली तरी ऱ्हास थांबत नाही. प्रथिनबहुल आहारानेही हा भार वाढतो. सबब प्रथिने कमी केल्यास मूत्रपिंड टिकेल, अशी अपेक्षा त्यांनी मांडली.

या उपपत्तीस जो भक्कमपणा आहे तो तिच्या मांडणीचा नव्हे, तर अकरा वर्षे आधीच्या एका मोजणीचा आहे. सस्तन प्राण्यांच्या केशिकागुच्छातील दाब तोवर अप्रत्यक्ष रीतीने अनुमानिला जाई. म्युनिक-विस्टार जातीच्या उंदरांत काही केशिकागुच्छ मूत्रपिंडाच्या अगदी पृष्ठभागावर असतात. ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत काचेची सूक्ष्म नलिका खुपसून हा दाब १९७१ साली प्रत्यक्ष मोजला; तो सुमारे ४५ मिलिमीटर पारा एवढा भरला. योग्य प्राणी हाती येणे हा योगायोग म्हणता येईल. त्याचे काय करावे हे उमजणे हा योगायोग नव्हे.

आता परीक्षेकडे वळू. लेखाच्या शीर्षकात अग्रस्थान मिळाले होते ते आहारातील प्रथिनांना. १९९४ साली ८४० रुग्णांवरील अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अल्पप्रथिन आहाराचा निःसंदिग्ध लाभ त्यांत दिसून आला नाही. शीर्षकातील आशा अशी दुबळी ठरली. परंतु उपपत्तीचा गाभा दाबाचा होता, आहाराचा नव्हे. अँडरसन, रेन्के व ब्रेनर यांच्या १९८६ च्या प्रयोगात हा भेद लख्ख दिसतो. मूत्रपिंडाचा बराच भाग काढलेल्या उंदरांच्या एका गटास एनालाप्रिल दिले, दुसऱ्यास तीन जुन्या औषधांचे मिश्रण. शरीरातील रक्तदाब दोहोंत सारखाच उतरला. केशिकागुच्छातील दाब मात्र फक्त एनालाप्रिलने उतरला, आणि मूत्रपिंडही त्याच गटाचे वाचले. माझ्या मते ब्रेनर यांच्या शाळेतील हा सर्वांत देखणा प्रयोग होय. १९८२ च्या लेखाची कीर्ती त्याच्या वाट्यास आली नाही.

२००१ साली ब्रेनर यांच्याच नेतृत्वाखाली मधुमेहजन्य मूत्रपिंडविकाराच्या १,५१३ रुग्णांवरील लोसार्टनची चाचणी प्रसिद्ध झाली. मूत्रपिंड पूर्णतः निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला. यास उपपत्तीचा विजय म्हणण्याची घाई अनेकांनी केली, ती मला मान्य नाही. हे औषध अँजिओटेन्सिनचा मार्ग अडविते, आणि अँजिओटेन्सिन दाबाखेरीज इतर वाटांनीही ऊतींत व्रणजन्य तंतू वाढविते. रुग्णाच्या केशिकागुच्छात नलिका खुपसून दाब पाहणे तर शक्यच नाही. उंदरांत जे सिद्ध झाले ते मानवात केवळ संभाव्य आहे. सर्व विकारांचा ऱ्हास एकाच सूत्रात ओवण्याचा ब्रेनर यांचा हव्यास येथे उणा पडतो.

त्यांची दुसरी कल्पना तुलनेने कमी गाजली. ज्याच्या मूत्रपिंडात जन्मतःच केशिकागुच्छ कमी, त्यास पुढे उच्च रक्तदाब जडण्याचा संभव अधिक, असे त्यांनी गार्सिया व अँडरसन यांच्यासह १९८८ साली सुचविले. पंधरा वर्षांनी, २००३ मध्ये, जर्मन संशोधकांनी अपघातात मृत झालेल्या २० व्यक्तींची मूत्रपिंडे तपासली. रक्तदाबाचा विकार असलेल्या दहांत मध्यम संख्या प्रत्येक मूत्रपिंडामागे सुमारे ७ लाख भरली, इतर दहांत सुमारे १४ लाख. वीस हा आकडा फारच लहान आहे. तथापि गर्भावस्थेतील कुपोषणाने ही संख्या घटते असे प्राण्यांतील प्रयोग दाखवितात, आणि जन्मतः कमी वजनाची बालके आपल्या देशात मोठ्या संख्येने जन्मतात. या बालकांची मूत्रपिंडे प्रौढपणी कशी वागतात, हा विषय आपल्या प्रबंधलेखकांनी हाती घेण्यासारखा आहे. त्यास संदर्भ किती लाभतील, याची चौकशी आधी करू नये.