‘एकरेणू चुंबक’ : एका संज्ञेची चिकित्सा

हिंदीत ‘अणु’ म्हणजे रेणू. मराठीतील अणूस तेथे ‘परमाणु’ म्हणतात. म्हणून हिंदीच्या वळणाने मराठीत ‘एक-अणू चुंबक’ असे लिहिले, तर संज्ञा दुर्बोध होत नाही. ती निराळ्याच, परंतु वास्तव वस्तूची होते. १९९३ साली बारा मँगॅनीज आयनांच्या ज्या समूहाने २ केल्विनजवळ आपली चुंबकीय दिशा दीर्घकाळ राखल्याचे आढळले, तो रेणू होय. २०१६ साली मॅग्नेशियम ऑक्साइडवर चुंबकत्व राखणारा होल्मियम हा मात्र एकटा अणू. मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत गोपालन राजारामन यांनी अभ्यासिलेले चुंबक पहिल्या जातीचे. हा भेद संदर्भावर सोपविता येत नाही. दोहोंचा संदर्भ एकच असतो. सबब ‘एकरेणू चुंबक’ हीच संज्ञा ग्राह्य ठरते.