पाद्री गोन्साल्विस : हाव की हक्क?

पारोळ्यात एखाद्याला इतिहासाचा नाद आहे असे कळले, की लोक आधी किल्ल्याविषयी आणि झाशीच्या नेवाळकरांविषयी विचारतात. राणीचे बंड अभ्यासायचे तर इंग्रजांचेच दप्तर चाळावे लागते. हरलेल्या माणसाला जिंकणाऱ्याच्या कागदांत कसे शोधावे, या विचारात मी १७८७च्या गोव्यातील पिंटोंच्या कटापर्यंत पोचलो. पोर्तुगीज मला शब्दकोशाच्या आधाराने वाचण्यापुरतीच येते, हे आधीच सांगितलेले बरे.

कट कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जातो. पण त्याचे सूत्रधार म्हणून दोन पाद्रींची नावे घेतली जातात. एक पणजीचे कायतान फ्रान्सिस्कु कौतु, दुसरे दिवाडीचे जुझे अंतोनियु गोन्साल्विस. दोघे लिस्बनला गेले होते. क्रांगनोर आणि मैलापूर येथील बिशपांच्या जागा रिकाम्या होत्या; त्यांसाठी त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि हात हलवत परतले. पुढे टिपू सुलतानाच्या मदतीने पोर्तुगिजांना घालवण्याचा बेत झाला, तो फुटला आणि धरपकड सुरू झाली.

यावरून निघालेला निष्कर्ष ठरलेला आहे : पद मिळाले नाही, म्हणून पाद्री बिथरले. जुआकिं एलियोदोरु द कुन्य रिव्हार यांनी १८७५ साली या प्रकरणावर ग्रंथ छापला. पुढच्या प्रत्येक अभ्यासकावर त्यांचे ऋण आहे, माझ्यावरही. कोकणीची बाजू घेणारा हा माणूस मला आवडतो. पण तो गव्हर्नराचा मुख्य सचिव म्हणून गोव्यात आला होता, आणि त्याच्यापुढचे कागद मुख्यतः चौकशीचे होते. कोठडीतला जबाब हेतूचा पुरावा म्हणून किती धरायचा?

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. २ एप्रिल १७६१च्या फर्मानाने पोंबालच्या काळात राजाने आपल्या पूर्वेकडील ख्रिस्ती प्रजेला गोऱ्यांच्या बरोबरीचा दर्जा दिला होता. १७७४मध्ये त्याला पुन्हा दुजोरा मिळाला. १७७७मध्ये मारिया पहिली गादीवर आली आणि पोंबाल गेला. म्हणजे गोन्साल्विस यांनी लिस्बनला मागितले ते राजाच्याच शब्दात बसणारे होते. हे फर्मान बाजूला ठेवून त्यांचा अर्ज वाचला, की तो हावरटपणा दिसतो. आपल्याकडचे काही लेखक उलट टोकाला जातात. बिशपपदाची गोष्ट अडचणीची वाटते, म्हणून ती गाळून सरळ स्वातंत्र्यवीर उभा करतात. मला दोन्ही पटत नाही. नाकारलेल्या जागेची चीड आणि राज्य उलथवण्याची इच्छा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

शिक्षेतही पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १७८८मध्ये पणजीत पंधरा जणांना हालहाल करून मारले. त्यांत पाद्री एकही नव्हता. पकडलेल्या पाद्रींना लिस्बनला नेऊन किल्ल्यात वर्षानुवर्षे खटल्याविना डांबले. खटलाच नाही, म्हणून बचावाचा कागदही नाही. लिस्बनमध्ये यांच्या गोटात वावरलेला तरुण आबे फारिया १७८८मध्ये पॅरिसला निसटला आणि पुढे अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीमुळे जगाला माहीत झाला.

गोन्साल्विस हाती लागले नाहीत. इंग्रजांच्या मुलखात पोचून त्यांनी उरलेले आयुष्य कलकत्त्यात इंग्रजी शिकवण्यात घालवले. पुस्तकांत या वर्षांना एखादे वाक्य मिळते. मला पुढचे काम तिथून करायचे आहे.